डबीतली मशेरी आणि माझे ऑपरेशन

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. सातवी पास झाले, शाळा सुटली आणि त्यानंतर लिहायचा प्रसंग आला तो किराणाच्या यादीपुरता. पण चिटणीसबाई चार वेळा घरी आल्या. म्हणाल्या, "तुझे वजन कसे उतरले ते सगळ्या बायका विचारतात. एकेकीला सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना सांग, आणि स्मरणिकेत छापायलाही लिहून दे." मी बरे म्हटले. पण रात्री लिहायला बसले तेव्हा ध्यानात आले, की वजनाच्या आधी दुसरीच एक गोष्ट सांगायला हवी. ती लपवून वजनाचे सांगितले तर ते अर्धे खोटे होईल. आणि खोटे एकदा बोलून झालेले आहे.

तुम्हाला आठवत असेल, २०२२ सालच्या नोव्हेंबरात तुम्ही मला ओटी भरून एस.टी.त बसवून दिलेत. आपल्या बचत फंडातून मला चाळीस हजार रुपये कर्जाऊ मिळाले होते. कोणी प्रवासाला दशम्या दिल्या, पण मला त्या चालत नव्हत्या म्हणून ह्यांनी खाल्ल्या. मी पुण्याला ऑपरेशनला गेले आणि तिसऱ्या दिवशी जशीच्या तशी इचलकरंजीला परत आले. दारात तुम्ही जमलात. मी सांगितले, "साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली." तुम्ही बिचाऱ्यांनी माझीच समजूत घातलीत. खजिनदारबाईंनी तर हप्ता दोन महिने उशिरा दिला तरी चालेल म्हणून सांगितले.

भगिनींनो, साखर वाढली नव्हती. डॉक्टरांनी मला परत पाठवले ते मशेरीमुळे, आणि त्याहून जास्त मी त्यांच्याशी खोटे बोलले म्हणून.

आता पहिल्यापासून सांगते.

कोणी मशेरी म्हणते, कोणी मिश्री म्हणते, तवा एकच. आमच्या आत्याबाईंचे, म्हणजे सासूबाईंचे, माहेर निपाणीकडचे. त्यांच्या आईने तंबाखूच्या वखारीत आयुष्य काढले. लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा अठरा वर्षांची होते. दाढ दुखत होती. आत्याबाईंनी डबी पुढे केली, "बोटाने हिरडीला लाव, थुंकत राहा, गिळू नकोस." पहिल्या दिवशी घेरी येऊन मी न्हाणीघराच्या दारात बसले. दाढ मात्र थांबली. दाढ पुढे काढून टाकली, मशेरी राहिली.

आधी सकाळी एकदा. मग दुपारी जेवण झाल्यावर. मग भांडी घासून झाल्यावर. शेवटी शेवटी दिवसातून सहा वेळा, आणि रात्री झोप मोडली तर सातवी. पण खरे सांगायचे तर मला ओढ होती ती सकाळच्या खेपेची. पाच वाजता मागल्या पायरीवर मी आणि आत्याबाई बसायचो, मध्ये डबी. माझे सासर काही वाईट नव्हे, पण दिवसभर त्या सासू आणि मी सून. त्या पाऊण तासात मात्र त्या मला माहेरच्या गोष्टी सांगायच्या, वखारीतल्या, आईच्या. माझ्या धाकट्या दिराने वेगळे व्हायचे ठरवले ते त्यांनी आधी मला त्याच पायरीवर सांगितले, मुलाला नाही. मशेरी सोडायची म्हणजे ती पायरी सोडायची, असे माझ्या मनाने धरले होते.

आणि आणखी एक. मशेरीला मी तंबाखू समजतच नव्हते. तंबाखू म्हणजे पुरुष चुना मळून खातात ती. आमची ही दात घासायची वस्तू. तव्यावर पान काळे होईपर्यंत भाजले, कुटले, वस्त्रगाळ केले की त्यातले वाईट जळून जाते, असे घरात सगळ्यांचेच मत. कसले जळते! उलट भाजताना ठसका लागून शेजारणी खिडक्या लावून घेतात, त्यावरूनच कळायला हवे होते.

वजनाचे म्हणाल तर दोन बाळंतपणांत वाढले आणि पुढे वाढतच राहिले. उंची पाच फूट, वजन १०४ किलो. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागतात, त्याला बीएमआय म्हणतात. आपल्या लोकांचा तो तेवीसच्या आत असावा. माझा ४५ भरला. नऊ वर्षांचा मधुमेह, रक्तदाबाची गोळी, आणि गुडघे असे की देवळाच्या सहा पायऱ्या चढायला मला दोनदा थांबावे लागे. रात्री घोरता घोरता माझा श्वास मध्येच अडकायचा आणि हे उठून मला हलवायचे. गुडघ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, आधी वजन. चालणे केले, भात सोडला, एका बाईंकडून पावडरीचे डबे आणले. उतरायचे पाच किलो आणि चढायचे सात. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी पोटाचे ऑपरेशन सुचवले.

हे ऑपरेशन म्हणजे चरबी कापून काढणे नव्हे, जसे आपल्यातल्या पुष्कळजणींना वाटते. जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी लहान पिशवी वेगळी करतात. लहान आतडे मध्ये कापून त्याचे एक टोक त्या पिशवीला जोडतात, आणि खाली आतड्याला आतड्याचा आणखी एक जोड देतात. उरलेले जठर आतच राहते, पण अन्न तिकडून जात नाही. त्यामुळे थोड्यात पोट भरते आणि साखरही ताळ्यावर येते. पोटाला पाच भोके पाडून, दुर्बिणीतून हे सगळे करतात. दुसरा एक प्रकार आहे, त्यात जठराचा मोठा भाग काढूनच टाकतात आणि केळ्यासारखी नळी ठेवतात. मला मधुमेह जुना आणि छातीत जळजळ फार, म्हणून पहिला प्रकार ठरला.

पहिल्या भेटीत एका मुलीने कागद भरून घेतला. आजार कोणते, गोळ्या कोणत्या, घरात कोणाला काय. मग विचारले, "सिगारेट, विडी, तंबाखू काही?" मी म्हटले, "काही नाही." हे शेजारी बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि खाली पाहिले. ते स्वतः दिवसाला विडीचे एक बंडल ओढतात. बायकोच्या डबीबद्दल बोलायला त्यांना तोंड कुठले?

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे पातळ आहारावर राहावे लागते. यकृतावर चरबी चढून ते मोठे झालेले असते. ते आकसले की डॉक्टरांना आत काम करायला जागा मिळते. ताक, सूप, प्रथिनांची पावडर, एवढेच. भूक लागे. भूक लागली की मी मशेरी लावी, कारण तिने भूक मरते हे मला चांगले ठाऊक होते. म्हणजे ज्या पंधरा दिवसांत ती सोडायची, त्याच पंधरा दिवसांत माझी डबी दुपटीने संपली. आणि तुम्ही येऊन म्हणायचात, "किती ग बाई निग्रहाची!"

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भुलीचे डॉक्टर तपासायला आले. तरुण मुलगा. म्हणाला, "ताई, तोंड मोठे उघडा." श्वासाची नळी घालायची असते म्हणून ते तोंड, जबडा, दात सगळे पाहतात. मी मीठ-लिंबू लावून दात घासून गेले होते, पण पंचवीस वर्षांचा काळेपणा मीठ-लिंबाने जातो होय? त्याने बॅटरी पाडली, गालाच्या आतून बोट फिरवले आणि विचारले, "मशेरी कधीपासून?" मी गप्प. त्याने पुन्हा विचारले, "आज लावली?" उशीखाली डबी होती. आता दडवण्यासारखे काय उरले होते? मी ती काढून त्याच्या हातात दिली आणि रडू लागले.

मोठे डॉक्टर आले ते रागावतील असे वाटले होते. रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी जे समजावले ते मी तुम्हाला माझ्या शब्दांत सांगते.

तंबाखूत निकोटीन असते. ते हिरडीतून गेले काय आणि धुरातून गेले काय, रक्तात पोचल्यावर बारीक रक्तवाहिन्या आवळते. जखम भरून येते ती रक्ताने. आमच्या ऑपरेशनात आत दोन जोड असतात. नव्या भिंतीला पाणी मारतात ना, तसे त्या जोडांना रक्त मिळत राहावे लागते. ते कमी पडले तर जोड नीट धरत नाही, क्वचित सुटतोही, आणि सुटला तर जिवावर बेतते. बरा झाला तरी पुढे त्या जागी व्रण होतो, तो दुखतो, त्यातून रक्त जाते, कधी भोकही पडते. तंबाखू घेणाऱ्यांच्या ह्या व्रणाला डॉक्टर फार भितात.

धूर ओढणाऱ्याचे त्यात आणखी भर घालणारे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तात प्राणवायूची जागा अडवून बसतो. छातीत कफ साचतो. भुलीनंतर तो निघत नाही आणि न्यूमोनिया होतो. मुळात लठ्ठ माणसाची छाती दबलेली, पायात रक्ताच्या गाठी होण्याचे भय असतेच, ते धुराने वाढते. डॉक्टर म्हणाले, "ताई, तुमच्यात धूर नाही म्हणून फुप्फुसांचे थोडे बरे. पण आम्ही जोड देताना मशेरी आणि सिगारेट असा भेद करत नाही. सहा आठवडे काहीही लावायचे नाही, मग या. आणि ऑपरेशनपुरते सोडायचे असेल तर येऊच नका. हा जोड जन्मभर पोटात राहणार आहे."

मग म्हणाले, "मशेरी लावली म्हणून मी तुम्हाला परत पाठवत नाही, पुष्कळजण लावतात. पण तुम्ही नाही म्हणालात. तुम्ही खरे सांगितले असते तर हे सहा आठवडे आधीच होऊन गेले असते आणि उद्या तुमचे ऑपरेशन झाले असते."

हे वाक्य एस.टी.त साताऱ्यापर्यंत माझ्या कानात होते. पुढे झोप लागली. घरी आले तर तुम्ही दारात, आणि मी साखरेचे सांगितले.

सहा आठवडे कसे गेले ते आता सांगते, कारण विचारणाऱ्या बायकांना खरे तर तेच हवे असते, मात्र विचारतात वजनाचे.

पहिले चार दिवस फार वाईट. डोके ठणके, हात थरथरे, मन कशात लागेना. कुकरची शिट्टी वाजली तरी अंगावर काटा येई. तिसऱ्या दिवशी मुलीने साधे विचारले, "आई, माझी ओढणी कुठे आहे?" तर मी हातातले झाकण भिंतीवर फेकले. त्याचा पोचा अजून आहे झाकणाला. झोप येत नसे. आणि पोट साफ होईना. ही गोष्ट बायका चारचौघांत बोलत नाहीत, पण मशेरी न सुटण्याचे निम्मे कारण हेच असते: लावल्याशिवाय परसाकडे होत नाही. मी सकाळी दोन पेले कोमट पाणी पिऊन पंधरा मिनिटे अंगणात चालत असे आणि रात्री इसबगोल घेत असे. आठ-दहा दिवसांत पोट आपले आपण मार्गी लागले. पंचवीस वर्षे मी उगाच त्याला डबीची लाच देत होते.

बाजारात तंबाखू सुटी तोलून मिळते, तिच्यावर काही छापलेले नसते. पण ह्यांच्या विडीच्या बंडलावर एक नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. सरकारने २०१६ साली ही तंबाखू सोडवण्याची फोनसेवा सुरू केली. पैसे पडत नाहीत. मुलीने लावून दिला. मला वाटले होते कोणी हिंदीतून उपदेश करील. पलीकडून एक बाई मराठीत बोलल्या. त्यांनी उपदेश केला नाही. किती वेळा लावता, पहिली केव्हा, कोणती सुटायला सगळ्यांत कठीण, असे विचारले. मी म्हटले, "पाचची." त्या म्हणाल्या, "मग पाचला दुसरे काय करणार ते आज ठरवा. पाच वाजता ठरवायला बसू नका." हा शब्द मला फार उपयोगी पडला. त्यांनी हेही सांगितले, की तलफ आली की ती चढते, काही मिनिटे राहते आणि उतरते. तेवढा वेळ हाताला काम द्यावे. मी लसूण सोलत असे. सहा आठवड्यांत मी इतका लसूण सोलला की आत्याबाई म्हणाल्या, आता लोणचेच घाल.

निकोटीनचे च्युइंगम औषधांच्या दुकानात मिळते. ते हळू चावून गालात धरून ठेवायचे असते. मी डॉक्टरांना फोनवर विचारून आठ दिवस घेतले. विचारणे जरूर आहे, कारण त्यातही निकोटीनच असते आणि ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीत ते दिसते. मला त्याची चव आवडली नाही. पुढे बडीशेप आणि लवंग ह्यांवर भागवले.

भय एकच होते, वजन वाढेल. तंबाखू सुटली की भूक उघडते आणि वजन काही किलोंनी वाढते, हे खोटे नाही. वजन उतरवण्याचे ऑपरेशन करायचे आणि त्यासाठी वजन वाढवायचे, हा काय न्याय? पण आहाराच्या बाईंनी समजावले, की दोन-तीन किलो वाढले तर त्यातून मार्ग निघेल, जोड सुटला तर निघणार नाही. माझे अडीच किलो वाढले.

एकोणिसाव्या दिवशी मी घसरले. आमच्या नात्यातल्या एका घरी मर्तिक झाले होते. बायका ओटीवर बसल्या होत्या, डबी हातोहात फिरत होती. अशा वेळी नको म्हणणे म्हणजे आपण त्यांच्यात नाही असे होते. माझ्या हातात आली, मी बोट घातले आणि लावली. पंचवीस वर्षांची ओळखीची चव, आणि तरी अठरा वर्षांची असताना आली तशीच घेरी आली. घरी येऊन मी दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन केला आणि सांगितले. एवढे मी शिकले होते. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "बरे झाले सांगितलेत, आजपासून सहा आठवडे धरू." म्हणजे तारीख आणखी अडीच आठवडे पुढे. तुम्हाला मी पुन्हा साखरच सांगितली.

आत्याबाईंचे काय झाले ते सांगायला हवे. मी परत आले त्या रात्री त्यांना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "तंबाखूने आमच्या घराला पोसले, तिला मी नावे ठेवणार नाही." मी म्हटले, "नावे ठेवू नका, पण माझ्यासमोर भाजू नका." त्या रुसल्या. चार दिवस पायरीवर आल्या नाहीत. मी एकटी पाच वाजता ब्रश तोंडात घालून बसे, कारण फोनवरच्या बाईंना तसा शब्द दिला होता. पाचव्या दिवशी त्या आल्या, डबी घेऊनच, पण पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसल्या, आणि वखारीतल्या एका मुकादमाची गोष्ट मागल्या वेळी जिथे सोडली होती तिथून पुढे सांगू लागल्या. तवा त्यांनी शेजारी नेला. आता तिकडे भाजतात. ती शेजारीण इथे बसली आहे आणि तिची खिडकी कोणी लावायची हा तिचा प्रश्न आहे.

आमच्या ह्यांचे विचाराल तर त्यांनी माझ्याबरोबर विडी सोडली आणि सव्वीस दिवस पाळली. मागावर रात्रपाळी लागली आणि पुन्हा धरली. घरात मात्र ओढत नाहीत, गल्लीच्या तोंडाशी जाऊन येतात. माझ्या डॉक्टरांनी घरातला धूरही नको म्हणून सांगितले होते, ते त्यांनी ऐकले. बंडल दोन दिवस जाते. मी ह्याहून जास्त त्यांच्याविषयी सभेत बोलणार नाही.

२०२३ सालच्या जानेवारीअखेर मी पुन्हा गेले. लघवीची तपासणी झाली. निकोटीनचा अंश शरीरात कोटिनीन नावाने काही दिवस उरतो, तो पाहतात. परीक्षेचा निकाल घ्यायला सातवीत शाळेत गेले होते तशी मी बाकावर बसले होते. निकाल चांगला आला. ह्या खेपेचे पातळ आहाराचे दोन आठवडे डबीवाचून काढले होते, आणि ते सगळ्यांत कठीण गेले, ऑपरेशनपेक्षाही.

ऑपरेशनचे मला काही आठवत नाही. जागी झाले ती पोटात वारा भरल्यासारखे आणि खांदा दुखत. त्याच संध्याकाळी उठवून चालवले, पायात रक्त थांबू नये म्हणून. तीन रंगीत गोळ्यांचे एक यंत्र देतात. नळी तोंडात धरून श्वास आत ओढला की गोळ्या वर चढतात. ते छातीसाठी. पहिल्या दिवशी एक गोळी, दुसऱ्या दिवशी दोन. शेजारच्या खाटेवर सोलापूरकडची एक बाई होती, तिच्या नवऱ्याने ते यंत्र गंमत म्हणून हातात घेतले तर त्याची एकच गोळी हलली. तो सिगारेटवाला. यंत्र खाली ठेवून तो बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. ओढायला गेला की विचार करायला, देव जाणे.

पुढचे थोडक्यात सांगते. पहिले दिवस घोट घोट पाणी. मग पातळ, मग मऊ, दीड-दोन महिन्यांनी आपले साधे जेवण, पण एक फुलका आणि वाटीभर डाळ एवढेच मावते. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळाले, पुढे थांबले. जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम ह्यांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. गुडघ्यासाठी मी ज्या दुखण्याच्या गोळ्या घेत असे त्या आता बंद, कारण त्यांनीही त्या जोडावर व्रण होतो. दीड वर्षात वजन १०४ चे ७१ झाले. मधुमेहाच्या तीन गोळ्यांची एक राहिली. देवळाच्या पायऱ्या मी न थांबता चढते, हे तुम्ही पाहताच.

तलफ अजून येते. पोट लहान झाले पण तोंड रिकामे राहते, आणि रिकाम्या तोंडाला जुनी सवय आठवते. जेवण झाल्यावर भांडी घासताना येते. मर्तिकाच्या घरी हटकून येते. तिथे आता मी उठून पाणी भरायला जाते. लोकांना वाटते, बाई कामसू झाली.

एक गोष्ट मी कधी बोलले नव्हते. धाकटीच्या वेळी मळमळ थांबावी म्हणून मी जास्तच लावत असे. ती जन्मली तेव्हा वजन दोन किलोही नव्हते. दृष्ट लागली म्हणून आम्ही मीठ-मोहऱ्या उतरल्या. पोटुशी बाईने तंबाखू घेतली तर मूल कमी वजनाचे होते, हे मला पुण्याला भिंतीवरच्या कागदावर वाचायला मिळाले. मुलगी आता बारावीला आहे आणि ठणठणीत आहे. तरी तो कागद वाचून मी त्या दिवशी जेवले नाही. इथे तीन जणी अशा बसल्या आहेत की ज्यांच्या सुना दिवसांत आहेत. मी नावे घेत नाही.

२०१६-१७ साली सरकारने देशभर पाहणी केली, तेव्हा शंभरांत चौदा बाया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणाऱ्या निघाल्या. आपल्या ह्या सभेत तेवढे हात वर करायला सांगितले तर एकही हात वर येणार नाही, कारण आपण सगळ्या फक्त दात घासतो. मीही त्या कागदावर तेच लिहून दिले होते.

तर साखरेचे जे मी दोनदा तुम्हाला सांगितले ते आज परत घेते. फंडाचे कर्ज गेल्या दिवाळीला फिटले. खजिनदारबाईंनी माफ केलेल्या दोन महिन्यांच्या उशिराचे व्याज मी आज त्यांच्याकडे आणून दिले आहे. सवलत साखरेसाठी होती, मशेरीसाठी नव्हती. त्या घेत नाहीत म्हणतात, पण पावती मी घेतल्याशिवाय जाणार नाही.

कोणाला तो फोन करायचा असेल आणि एकटीने धीर होत नसेल, तर दुपारी तीननंतर मी घरीच असते. डबी घेऊन आलात तरी हरकत नाही, आमच्याकडे पायरीवर जागा आहे. चहा बिनसाखरेचा असतो, एवढे चालवून घ्या.